एका मुठीचा हिशेब

कुंभकोणममध्ये पहाट झाली की घरापुढचं अंगण झाडलं जातं, सडा पडतो आणि तांदळाच्या पिठाचा कोलम उमटू लागतो. आपल्या रांगोळीची ही तामिळी बहीण. कावेरीकाठचं हे गाव देवळांचं, विड्याच्या पानांचं, रेशमी साड्यांचं आणि डिग्री कॉफीचं. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे या मुलखात मराठी बोलणारी घरंही रुजली. पुढे बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले. आणि इथल्याच सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावर, एका लहानशा घरात श्रीनिवास रामानुजन नावाचा मुलगा पाटीवर आकडे मांडत मोठा झाला.

रामानुजनच्या गावातून निघणारी ही गोष्टही एका आकड्याचीच आहे. तो आकडा आहे ९९.९.

कुंभकोणममध्ये विजेचं मोठं धुराडं नाही. पण गावातून निघणारे तीन रस्ते विजेच्या तीन वेगवेगळ्या जगांत जातात. एक रस्ता पूर्वेला मयिलादुतुरैकडे जातो. त्या वाटेवर कुत्तालमजवळ नैसर्गिक वायूवर चालणारं सुमारे १०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. वायू जळतो, राख उरत नाही. दुसरा रस्ता उत्तरेला नेयवेलीकडे जातो. सरळ रेषेत अंतर सुमारे ६५ किलोमीटर. तिथे जमिनीतून लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, खणून काढतात आणि जागेवरच जाळून वीज करतात. तिसरा रस्ता पश्चिमेला, तंजावरवरून तिरुचिरापल्लीकडे जातो. तिथे वीजकेंद्रांचे बॉयलर घडतात.

एका रस्त्यावर राख नाही. दुसऱ्यावर राख आहे. तिसऱ्या रस्त्यावरचा धंदा त्या राखेशी जोडलेला आहे.

राख किती, सुटते किती?

कोळशाची वीज म्हणजे काय, हे घरच्या बिलावरून समजून घेणं सोपं. महिन्याला ३०० युनिट वीज वापरणारं एक घर धरा. एका युनिटसाठी ढोबळमानानं पाऊण किलोच्या आत-बाहेर कोळसा लागतो. म्हणजे त्या एका घरासाठी महिन्याला २०० किलोंच्या वर कोळसा जळतो. आपल्या देशातल्या कोळशात राखेचं प्रमाण फार, साधारण ३० ते ४५ टक्के. म्हणून या घराच्या नावावर महिन्याला सत्तरेक किलो राख तयार होते. त्यातली थोडी बॉयलरच्या तळाशी पडते. उरलेली, अंदाजे ६० किलो, पिठासारखी बारीक होऊन धुराबरोबर वर निघते. हिलाच ‘फ्लाय ॲश’ म्हणजे उडती राख म्हणतात.

ही राख वाटेत अडवलीच नाही तर एका घरामागे महिन्याला साठ किलो राख आभाळात जाईल. शंभरातली नव्व्याण्णव अडवली तर ६०० ग्रॅम बाहेर जाईल. ९९.९ टक्के अडवली तर फक्त ६० ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मूठ.

९९ आणि ९९.९. परीक्षेत एवढ्या फरकाला कोणी विचारत नाही. पण धुराड्याच्या तोंडाशी हा फरक दसपट आहे. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण जोरानं चालू असेल तर दर तासाला सुमारे १०० टन राख धुराबरोबर निघते. ९९ टक्के पकडली तर तासाला एक टन सुटते, दिवसाला २४ टन. ९९.९ टक्के पकडली तर दिवसाला अडीच टनांच्या आत. दशांश चिन्हानंतरच्या त्या एका नवासाठीच सगळी धडपड, सगळी यंत्रं आणि सगळा बाजार आहे.

कंगवा आणि कागदाचे कपटे

राख पकडणाऱ्या मुख्य यंत्राचं नाव इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. कामगारांच्या तोंडी ते ‘ईएसपी’. नाव अवघड असलं तरी त्याचं तत्त्व प्रत्येकानं लहानपणी करून पाहिलेलं असतं. कोरड्या केसांवर घासलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडी मारून त्याला चिकटतात. ईएसपी म्हणजे हाच खेळ, पाच-सहा मजली इमारतीएवढा.

धूर एका प्रचंड पेटीतून जातो. पेटीत पोलादी पत्र्यांच्या उंच रांगा असतात आणि दोन रांगांच्या मधोमध तारा. तारांना पन्नास हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब दिलेला असतो. राखेच्या कणांवर विद्युतभार बसतो आणि ते पत्र्यांकडे ओढले जातात. ठरावीक वेळानं पत्र्यांवर हातोड्या आपोआप ठोके देतात. राखेचा थर गळून खालच्या नरसाळ्यात पडतो आणि तिथून बाहेर काढला जातो.

ही युक्ती व्यवहारात आणली फ्रेडरिक कॉट्रेल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं, कॅलिफोर्नियात. त्याला १९०८ मध्ये पेटंट मिळालं. सुरुवातीला त्यानं पकडली ती राख नव्हे, तर कारखान्यातून सुटणारी गंधकाम्लाची वाफ. या शोधावर तो गडगंज झाला असता. पण त्यानं आपले पेटंटचे हक्क विज्ञानाच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकले. ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ नावाची ती संस्था १९१२ मध्ये सुरू झाली. आज ज्या यंत्राचा जगभर मोठा बाजार आहे, त्याच्या जनकानं स्वतः बाजार मांडला नाही.

भारतात या यंत्राला एक वेगळी अडचण येते. आपल्या बहुतेक कोळशात गंधक कमी असतं. ही खरं तर चांगली गोष्ट. पण गंधक कमी, वाळूसारखे घटक जास्त, अशी राख आपल्यावरचा विद्युतभार लवकर सोडत नाही. पत्र्यावर ती हट्टानं बसून राहते आणि मागून येणाऱ्या कणांना अडवते. म्हणून तेवढ्याच विजेसाठी आपल्याकडचं ईएसपी मोठं बांधावं लागतं. काही ठिकाणी धुरात थोडा अमोनिया सोडून राखेचा हट्ट मोडतात.

दुसरं यंत्र आणखी सोपं. त्यात धूर कापडाच्या शेकडो, मोठ्या केंद्रात हजारो लांब पिशव्यांतून गाळतात. आपण चहा गाळतो तसा. पिशवीवर राख साठली की दाबाच्या हवेचा झोत मारून ती झटकतात. कापड अर्थात साधं नसतं. शंभर अंशांच्या वर तापलेला धूर सोसणाऱ्या खास धाग्याचं असतं आणि काही वर्षांनी बदलावं लागतं. जुन्या केंद्रात जागा कमी असेल तेव्हा पुढच्या भागात ईएसपी आणि मागच्या भागात पिशव्या, अशी सरमिसळही केली जाते.

हौसेचा नव्हे, हुकमाचा बाजार

आता पैशाची गोष्ट. टीव्ही, फ्रिज, मिक्सर हे माणूस हौसेनं घेतो, गरजेनं घेतो. राख पकडणारं यंत्र वीजकेंद्राला एक युनिटही जादा वीज देत नाही. उलट स्वतःच वीज खातं, जागा अडवतं, देखभाल मागतं. फायदा होतो तो दूर कुठल्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईला आणि तिच्या दम्यानं त्रासलेल्या नातवाला. ते दोघं यंत्राचे ग्राहक नाहीत. मग हा बाजार वाढतो तरी कसा?

तो वाढतो कायद्याच्या तारखांनी. अमेरिकेत १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला आणि यंत्रांची मागणी वाढली. चीननं २०११ मध्ये धुरातल्या कणांची मर्यादा एका घनमीटरमागे ३० मिलिग्रॅमवर आणली, २०१४ पासून ‘अतिअल्प उत्सर्जना’साठी १० मिलिग्रॅमचं लक्ष्य ठेवलं आणि केंद्रामागून केंद्रात यंत्रं नव्यानं बसली.

नेयवेलीच्या पहिल्या संचानं १९६२ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा भारतात हवेसाठी वेगळा कायदाच नव्हता. तो आला १९८१ मध्ये. पुढे बरीच वर्षं मोठ्या वीजकेंद्रांना १५० मिलिग्रॅमची मर्यादा होती आणि लहान संचांना तर ३५० ची. मोठा बदल झाला ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनं. २००३ अखेरपर्यंत उभ्या राहिलेल्या संचांना १००, त्यानंतरच्या संचांना ५० आणि १ जानेवारी २०१७ पासून सुरू होणाऱ्यांना ३० मिलिग्रॅम. तासाला शंभर टन राख उडवणाऱ्या त्या ५०० मेगावॅटच्या संचाला ५० ची मर्यादा पाळायची तर ९९.९ टक्क्यांच्या आसपास राख पकडावीच लागते. अशा तऱ्हेनं दशांशानंतरचं ते नऊ कायद्यात शिरलं.

या एका कागदानं तीन प्रकारची मागणी तयार झाली. नव्या संचांसाठी नवी यंत्रं. जुन्या संचांत पत्रे वाढवणं, वीजपुरवठ्याची नवी सामग्री बसवणं, पिशव्या लावणं. आणि तिसरी, कधीच न संपणारी मागणी म्हणजे सुटे भाग आणि दुरुस्ती.

मात्र तारखेवर चालणारा बाजार तारखेबरोबर थांबतोही. २०१५ च्या नियमांसाठी दिलेली डिसेंबर २०१७ ची मुदत पाळली गेली नाही. ती पुढे ढकलली गेली आणि मग पुन्हा ढकलली गेली. केंद्रानं खर्च लांबवला की कारखान्यातली ऑर्डर लांबते आणि गच्चीवरच्या बाईची वाटही लांबते.

ही ओढाताण कुंभकोणमच्या पश्चिमेच्या रस्त्यावर दिसते. तिरुचिरापल्लीजवळ ‘भेल’चा बॉयलरचा मोठा कारखाना आहे. ईएसपी आणि पंख्यांसारखी सामग्री याच राज्यातल्या राणीपेटच्या ‘भेल’ कारखान्यात होते. तंजावर रस्त्यावरच्या तुवाकुडी परिसरात पत्रे कापणारी, वाकवणारी, जोडणारी लहान वर्कशॉप ‘भेल’च्या कामावर उभी राहिली. गेल्या दशकात नव्या वीजकेंद्रांचं काम मंदावलं तेव्हा या वर्कशॉपना हात बांधून बसण्याची पाळी आली. त्यानंतर २०३२ पर्यंत कोळशाची आणखी किमान ८०,००० मेगावॅट क्षमता उभारण्याचं सरकारनं जाहीर केलं आणि ऑर्डरींचा ओघ पुन्हा वाढला. आपल्याकडे पुण्याची ‘थरमॅक्स’ हवा शुद्ध करणारी अशी यंत्रं बनवते. म्हणजे धुराड्यातून सुटणारी राख इथे कोणाचा खोकला आहे, तर तिथे कोणाचा पगार.

मागणी कोणी केली?

कायदा तरी आपोआप येतो का? डहाणूचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. चिकूच्या बागांच्या या तालुक्यात औष्णिक वीजकेंद्र येणार म्हटल्यावर स्थानिक लोक आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते न्यायालयात गेले. केंद्र अडलं नाही. १९९० च्या दशकाच्या मध्याला ५०० मेगावॅटचं केंद्र सुरू झालं. पण १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी एक प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. राख पकडणं तर होतंच, पण धुरातला गंधकाचा वायूही धुऊन काढा, हा आग्रह तिथे वर्षानुवर्षं धरला गेला. अखेर २००७ मध्ये ते धुलाईयंत्र बसलं. देशातल्या बहुतेक केंद्रांनी अशा यंत्राचा विचारही केला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. बाजाराच्या अहवालात या विक्रीपुढे वीजकंपनीचं नाव येईल. खरी मागणी नोंदवली होती ती तालुक्यातल्या लोकांनी.

विकत घेतलं, पण चालवलं का?

इथे खरा प्रश्न सुरू होतो. बाजार मोजतो किती यंत्रं विकली गेली ते. फुप्फुसं मोजतात यंत्र किती तास नीट चाललं ते. या दोन हिशेबांत अंतर पडू शकतं.

ईएसपी विशिष्ट प्रकारच्या कोळशासाठी आखलेलं असतं. ठरल्यापेक्षा जास्त राखेचा कोळसा आला की ते थकतं. तारा तुटतात, हातोड्या अडकतात, नरसाळं तुंबतं आणि राख वरपर्यंत चढते. बॉयलर पेटवताना आधी तेल जाळतात. त्या वेळी तेलकट काजळी पत्र्यांवर बसू नये म्हणून ईएसपी पूर्ण चालवत नाहीत. म्हणूनच संच सुरू होताना धुराडं काळं ओकताना दिसतं. दुरुस्तीचं कामही सोपं नाही. तुंबलेल्या नरसाळ्यातली गरम राख मोकळी करणारा बहुधा कंत्राटी कामगार असतो. त्याला नीट पोशाख, प्रशिक्षण आणि वेळ मिळतो का, यावर त्याचा जीव आणि बाहेरची हवा दोन्ही अवलंबून असतात.

२०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं वीजकेंद्रांसह जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर सतत मोजणारे मापक बसवायला सांगितलं. ही मोठी सोय आहे. पण मापक म्हणजे थर्मामीटर. तो नीट लावला, त्याचा काटा बरोबर असला आणि कोणी तरी तो रोज वाचला, तरच उपयोग.

शिवाय पकडलेल्या राखेला जागा लागते. सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव यांत आता बरीच राख खपते. उरलेली तळ्यात साठते. जुलै २०२२ च्या पावसात नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या बंधाऱ्याला भगदाड पडलं आणि राखेचं पाणी शेतांत आणि नाल्यांत शिरलं. आभाळात जाऊ न दिलेली राख अशी पायाखालून परत आली. यंत्र विकणाऱ्याचं काम राख पकडल्यावर संपतं, केंद्राचं संपत नाही.

आणखी एक मर्यादा आहे. मोठे कण सहज पकडले जातात. सर्वांत निसटते असतात ते एका मायक्रॉनहून लहान कण. आणि फुप्फुसाच्या तळाशी पोचणारे नेमके तेच. वजनात ते नगण्य. म्हणून वजनाच्या टक्क्यात यंत्र उत्तम दिसतं, तरी श्वासात जाणारा धोका पूर्ण संपत नाही. त्यात गंधकाचा वायू हवेत जाऊन काही तासांत, काही दिवसांत स्वतःच बारीक कणांचं रूप घेतो. ईएसपीला तो दिसतच नाही. तो अडवणाऱ्या धुलाईयंत्रांच्या सक्तीतून जुलै २०२५ मध्ये मोठ्या शहरांपासून आणि फार प्रदूषित भागांपासून दूर असलेल्या बहुतेक केंद्रांना सूट मिळाली. त्यांचा खर्च वाचला. पण वारा शहर आणि खेडं असा भेद करत नाही. जड राख केंद्राभोवती पडते, बारीक कण शेकडो किलोमीटर जातात.

बिलातली मूठ

कोणी म्हणेल, यंत्रांचा खर्च शेवटी आपल्याच वीजबिलात येतो. येतोच. पण यंत्र नसलं तरी बिल येतंच. फक्त ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर येतं, औषधाच्या दुकानात भरावं लागतं, आणि वीज वापरणाऱ्याला नव्हे तर धुराड्याजवळ राहणाऱ्याला येतं. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्राची वीज दूरच्या शहरातला पंखा फिरवते. राख मात्र चंद्रपूरच्या वाट्याला.

नेयवेलीचं १९६२ चं ते पहिलं केंद्र २०२० मध्ये कायमचं बंद झालं. त्याच्या जागी नवे संच आले आणि त्यांना अधिक कडक नियम लागू झाले. देशात कोळशाचं युग आणखी काही दशकं तरी चालणार असं दिसतं. म्हणजे राख पकडणाऱ्या यंत्रांचा बाजार वाढणार, यात नवल नाही. प्रश्न एवढाच की त्याबरोबर हवा सुधारणार का. त्याचं उत्तर विक्रीच्या आकड्यात सापडणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या केंद्राच्या धुराड्यावरचा मापक आज काय दाखवतो, हे विचारणाऱ्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आणि घराघरांत ते सापडेल.

उद्या पहाटे कुंभकोणमच्या अंगणात पुन्हा कोलम उमटेल. त्याला तांदळाचं पीठ लागतं मूठभरच. एका घराच्या महिन्याच्या विजेची सुटलेली राखही एक मूठ राहू शकते, नाहीतर दहा मुठी होते. अंगणातली मूठ घरातली बाई रोज मोजून वापरते. दुसरी मूठ मोजायचं काम ज्यांच्याकडे दिलं आहे, त्यांना हिशेब विचारण्याचा हक्क तिला आहे. बिल तीच तर भरते.